३१ ऑक्टोबरपर्यंत ब्राउझरला कुलूप लावा

तंजावर जिल्ह्यातले सगळे इ-सेवै केंद्रचालक, सहकारी पतसंस्थांत संगणकावर बसणारे कारकून आणि कुंभकोणम, पापनाशम, तिरुवैयारू, ओरत्तनाडू भागातले झेरॉक्सवाले, यांना ही शेवटची ताकीद.

सांबा भाताच्या विम्याची मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर संपते. शेवटच्या आठवड्यात तुमच्या दाराशी भर पावसात रांग लागते. हातात जमिनीचा चिट्टा, ग्राम प्रशासन अधिकाऱ्याच्या (व्हीएओ) सहीचा पीकनोंदीचा अडंगल, आधार, पासबुकाची झेरॉक्स. एकाचा अर्ज संपला की ब्राउझर तसाच उघडा, पुढचा खुर्चीवर. मोबाइलच्या रकान्यात ९ दाबताच आधीच्या लोकांचे नंबर भराभर खाली उलगडतात. पासवर्ड सेव्ह करू का, या प्रश्नाला कोणीतरी कधीच ‘हो’ म्हणून गेलेले असते. डाउनलोड्समध्ये गावाची आधारकार्डे पडून. त्या पीडीएफना पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड. शेजारच्या फाइलीतल्या दाखल्यावर दोन्ही छापलेले असतात.

“आम्ही सेटिंग बदललंय” हे उत्तर ऐकून घेतले जाणार नाही. तुम्ही बदललेत ते तुमच्या खात्यापुरते. दुपारच्या पाळीचा पोरगा दुसऱ्या लॉगिनने बसतो, त्याला सगळे रान मोकळे. सेटिंग माणसावर नाही, मशीनवर लावायचे. फायरफॉक्समध्ये २०१८ पासून ‘पॉलिसीज.जेसन’ नावाच्या एका फाइलीत ही सोय आहे: विंडोजवर ती फायरफॉक्सच्या फोल्डरातल्या ‘डिस्ट्रिब्युशन’मध्ये ठेवा, लिनक्सवर ‘/ईटीसी/फायरफॉक्स/पॉलिसीज’मध्ये. क्रोमला विंडोजवर ग्रुप पॉलिसी, लिनक्सवर ‘मॅनेज्ड’ फोल्डर. शेजारच्या ‘रेकमेंडेड’मध्ये टाकाल तर ती नुसती शिफारस, कोणीही उलटवेल. पॉलिसीत एवढे लावा: पासवर्ड साठवणे बंद, फॉर्मची आठवण बंद, एक्स्टेन्शन बंद, ब्राउझर मिटताच कुकीज आणि हिस्टरी साफ. आणि अॅडमिनचा पासवर्ड काउंटरवरच्या पोराकडे नको, नाहीतर हा सगळा खटाटोप फुकट.

दोन कामे मात्र हातानेच करावी लागतील. साफसफाई ब्राउझर मिटल्यावरच होते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तो मिटा. डाउनलोड झालेली फाइल त्याने जात नाही. ती रीसायकल बिनमधूनही काढा.

विंडोज ७ वर अजून काम रेटणाऱ्यांनी मशीन बदलावे. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे सरकत नाही, आणि ती आवृत्ती २०२३ मधली.

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. “मी नाही वापरला” म्हणून सुटाल, पण चोराला दार कोणी उघडे ठेवले हे गाव विचारेलच. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची हयगय केल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्यावर तेवढा बसणार नाही, हे आम्हालाही कळते; पण थोडका बसला तरी दुकान उठेल.

तंजावरच्या मराठी घरांतली कित्येक मुले कॉम्प्युटरची कामे करतात. वडीलधाऱ्यांनी हा कागद त्यांच्यापुढे ठेवावा, हवा तर तमिळमध्ये समजावून.

१ नोव्हेंबरला आम्ही येऊ आणि तुमच्याच पडद्यावर ‘अबाउट:पॉलिसीज’ किंवा ‘क्रोम://पॉलिसी’ उघडायला लावू, तेही प्रत्येक लॉगिनमधून. पान रिकामे दिसले तर त्या केंद्रात आधार देऊ नका असे गावच्या देवळापाशी लिहून लावले जाईल, आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार जाईल. मुदत वाढवून मिळणार नाही.