अस्वलासाठी कोणती गोळी?

मोह गळायला लागला की पोरं विचारतात, "काका, अस्वलाला कोणती गोळी लागते?" अलास्कात मोठ्या अस्वलांसाठी रायफलमध्ये जड, न फुटता खोल घुसणारी गोळी घालतात. आपल्याकडं पीकरक्षणाची ठासणीची बंदूक, त्यात छर्रे. ते खोल जात नाहीत, अस्वल नुसतं बिथरतं. शिवाय जनावर अनुसूची एकमधलं.

अलास्कातल्याच २६९ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये आला: जवळच्या बंदुकीतून गोळी झाडली काय, न झाडली काय, इजेत ठळक फरक नाही. वाकून मोह वेचताना अस्वल दहा पावलांवर आल्यावरच दिसतं, नेम धरायला वेळ कुठाय? म्हणून ग्रामसभेत मी परवान्याचं नाही, वेचणीच्या वेळेचं बोलणार आहे. उजाडल्यावरच निघायचं, चार-पाच जणांनी, मोठ्यानं बोलत, काठीला घुंगरू बांधून.