आधी उतारा, मग सौदा

मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, की घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘आता पुढे काय?’ बँक, संगणक, स्पर्धा परीक्षा असे काही उत्तर असेल, तर आई-वडील ते मोकळेपणाने सांगतात. ‘जागांच्या खरेदी-विक्रीत पडलाय’ हे उत्तर मात्र जरा आवाज उतरवून येते आणि त्याला ‘सध्यापुरतं हं’ अशी पुस्तीही जोडली जाते. ज्यांच्या मध्यस्थीशिवाय आपल्यापैकी अनेकांना शहरात पहिली भाड्याची खोलीसुद्धा मिळाली नसती, त्यांच्या व्यवसायाविषयी मनात ही अढी का असावी?

थोडा दोष शब्दाचा आहे. ‘दलाल’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी वाट दाखवणे हा अर्थ आहे. आपल्या भाषेत मात्र तो जवळजवळ शिवीच्या पंक्तीला जाऊन बसला. पण सगळा दोष शब्दावर ढकलता येणार नाही. वाट दाखवणाऱ्यालाच वाट ठाऊक नसेल, तर लोकांनी त्याला मान का द्यावा? गेली तीसएक वर्षे मी पुण्यात जमिनी आणि घरांचे कागद तपासण्याचे काम करतो. या काळात माझ्या टेबलासमोर बसलेल्या तरुण मध्यस्थांत हुशार, कष्टाळू आणि सरळमार्गी मुलेच अधिक होती. तरीही त्यांच्यापैकी बरीचशी दोन-तीन वर्षांत हा व्यवसाय सोडून गेली. ती का गेली, याचा विचार त्यांच्यापेक्षा आपण वडीलधाऱ्यांनी करायला हवा.

या व्यवसायात मुलगा शिरतो कसा, ते पाहा. जाहिरात वाचून तो एखाद्या कचेरीत जातो. शिक्षणाची फारशी चौकशी होत नाही. दुचाकी आहे का आणि बोलता येते का, एवढे पाहिले जाते. पगार नाही, सौदा झाला तर टक्केवारी. पहिल्या दिवशी हातात दरपत्रक आणि रंगीत नकाशे पडतात आणि सांगितले जाते, ‘तुझ्या ओळखीच्या शंभर जणांची यादी कर.’ या यादीत कोण असणार? मामा, आत्या, शेजारचे काका, शाळेतले सर आणि वडिलांचे कचेरीतले मित्र. जे त्याला ‘नाही’ म्हणू शकणार नाहीत, नेमके त्यांच्याकडेच त्याला पाठवले जाते. त्याच्या कौशल्याची ही परीक्षा नसते. घराण्याने दोन पिढ्या जपलेली पत तो तिथे खर्च करत असतो, आणि हे त्याला कुणी सांगत नाही.

मराठवाड्यातून पुण्यात आलेला वाणिज्य शाखेचा एक पदवीधर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. शहराबाहेरचा एक प्लॉट त्याने मामांना सुचवला होता आणि मामांनी निवृत्तीच्या पैशांतून दोन लाख रुपये इसार म्हणून देऊनही टाकले होते. सातबारा उतारा त्याने मला दाखवला तेव्हा ‘इतर हक्क’ या रकान्यात न्यायालयातील दाव्याची नोंद सरळ दिसत होती. मूळ मालकाच्या बहिणींनी आपला हिस्सा मागितला होता. मुलाने तो उतारा अनेक ग्राहकांना दाखवला होता; वाचला मात्र कधीच नव्हता, कारण वाचायला कुणी शिकवलेच नव्हते. इसारातले काही पैसे पुढे खेटे घालून परत मिळाले. मामांनी भाच्याला बोल लावला नाही. पण दिवाळीला मामाच्या गावी जायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने तो व्यवसाय सोडला. एका चांगल्या मुलाचे असे नुकसान झाले आणि त्याची नोंद कुठल्याही दप्तरात होणार नाही.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्याकडे त्याच्या अंमलासाठी ‘महारेरा’ हे प्राधिकरण आले. नोंदणी केलेल्या प्रकल्पातील घर किंवा प्लॉट विकायला मदत करणाऱ्या मध्यस्थालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेला प्रकल्प त्याने विकता कामा नये, हिशेब नीट ठेवावेत, ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे ती मिळवून द्यावी, अशी बंधने त्याच्यावर आहेत. पुढे जानेवारी २०२३ मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली. वीस तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, परीक्षा उत्तीर्ण व्हायची आणि प्रमाणपत्र मिळवायचे. बिल्डरकडे विक्रीचे काम करणाऱ्या नोकरदारांनाही हे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. या व्यवसायात येण्यासाठी काही शिकावे लागते, हे त्यामुळे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले. त्याचे मोल मी कमी लेखत नाही.

तथापि वीस तासांत कायद्याची तोंडओळख होते, कागद वाचण्याची सवय लागत नाही. शिवाय जुन्या घरांची फेरविक्री आणि भाड्याचे व्यवहार बहुतांशी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि नवख्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. म्हणून माझे सांगणे असे, की या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने पहिले वर्षभर विकण्याचा विचार बाजूला ठेवून कागद वाचायला शिकावे.

कागद म्हणजे काय काय? गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे हे कळते आणि बारामध्ये तिच्यात काय पिकते हे कळते. ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल, तर ती जमीन परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. शेतजमीन घ्यायची, तर घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो. फेरफाराच्या नोंदी मागे मागे वाचत गेले, की त्या कुटुंबाचा इतिहासच उलगडतो : कोण वारले, वारसनोंद कोणाची लागली, कोणाची राहिली. शहरात सातबाराची जागा मिळकतपत्रिका घेते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतील सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वजण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात, तिच्यावरून पूर्वीचे नोंदणीकृत व्यवहार समजतात. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि १०८९ चौरस फुटांचा गुंठा, हे तोंडपाठ असावे. कारण गावाकडचा मालक गुंठ्यांत बोलतो आणि शहरातला ग्राहक चौरस फुटांत ऐकतो.

साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक तर अनेक सुशिक्षित ग्राहकांनाही माहीत नसतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते आणि नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मालकी मिळाली असे समजणाऱ्यांचा भ्रम सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दूर केला. नव्या इमारतीत घर घेताना लेखी, नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. एवढ्या चार गोष्टी ज्या मुलाला समजावून सांगता येतात, त्याच्याशी ग्राहक वेगळ्या सुरात बोलू लागतो.

‘हे सारे वकिलाचे काम आहे, त्याने का शिकावे?’ असे विचारणारे अनुभवी व्यावसायिक मला भेटतात. वकील हवाच, मध्यस्थाने त्याची जागा घेऊ नये. परंतु वकिलाकडे ग्राहक येतो तो बहुधा जागा पसंत करून, मनाने तिथे राहायलाही जाऊन, पुष्कळदा इसार देऊन. त्याच्या आधी, जागा दाखवतानाच सावध करू शकेल असा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे हा मध्यस्थ. ‘काका, ही जागा घेऊ नका’ असे जो वेळेवर म्हणू शकतो, त्याची एका सौद्याची दलाली बुडते हे खरे. पण ते काका पुढची पंचवीस वर्षे आपल्या नात्यागोत्यात त्याचेच नाव सांगत राहतात.

मग सुरुवात कुठून करावी? माझ्या मते भाडेकरारांपासून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो व ती जबाबदारी घरमालकाची आहे. ही नोंदणी आता घरबसल्या होते आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरोघरी जाणारी मुले-मुली पुण्या-मुंबईत पुष्कळ दिसतात. पिंपरीतील अशी एक मुलगी मी पाहिली आहे. तीन वर्षांत तिने शेकडो करार केले. मुद्रांक शुल्काचे गणित, अनामत रकमेवरून होणारे वाद, सोसायटीचे नियम, घरमालकाची भीती आणि भाडेकरूची अडचण हे सारे ती त्या कामात शिकली. आज त्याच घरमालकांना घर विकायचे असले, की ते प्रथम तिला फोन करतात. तिला नातेवाइकांची यादी करावी लागली नाही.

शिवाय विक्री म्हणजेच हा व्यवसाय, ही समजूतही सोडायला हवी. जमीन मोजणारा, मूल्यांकन करणारा, गृहकर्जाची कागदपत्रे जुळवणारा, मोठ्या संकुलाची व्यवस्था पाहणारा, हे सगळे याच क्षेत्रातले आहेत. ज्यांच्या इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, अशा सहकारी सोसायट्या थोड्याथोडक्या नाहीत. ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद असूनही, कागद गोळा करून जिल्हा उपनिबंधकांकडे पाठपुरावा करणारे माणूस मिळत नाही म्हणून त्यांचे काम अडून बसते. पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या सोसायटीतील ज्येष्ठ सभासदांना ४ जुलै २०१९ ची शासनाची कार्यपद्धती सोप्या मराठीत समजावून सांगणारा तरुण हवा असतो. वाणिज्य, विधी आणि कला शाखेच्याही मुलांना इथे काम आहे, आणि ते सन्मानाचे काम आहे.

आता आपल्याकडे येतो. जुन्या, नावारूपाला आलेल्या मध्यस्थांनी नव्या मुलाला निदान पहिले वर्षभर ठरावीक पगार द्यावा, मग तो थोडा का असेना. ज्याला महिन्याच्या एक तारखेला खोलीचे भाडे द्यायचे आहे आणि हातात काहीच नाही, त्याच्याकडून ‘ही जागा घेऊ नका’ या वाक्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. बिनपगारी माणूस स्वस्त पडतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याची किंमत ग्राहक मोजतो आणि बदनामी साऱ्या व्यवसायाच्या वाट्याला येते. व्यावसायिकांच्या संघटनांनी मेळावे घेतात तसे कागद वाचण्याचे वर्गही घ्यावेत. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक दिवस दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आणि एक दिवस तलाठ्याच्या दप्तरात न्यावे. मुलगा या व्यवसायात जावो न जावो, आयुष्यात एकदा तरी घर घेताना हे शिक्षण त्याच्या कामी येईल.

आणि आई-वडिलांनी? मुलाला पहिला सौदा मिळावा म्हणून आपल्या भावाला, मेहुण्याला भरीस घालू नये. ती मदत वाटते, पण त्याने मुलगा शिकत नाही आणि नातेही पणाला लागते. मुलगा एखाद्या कचेरीत रुजू होत असेल, तर पगार किती, शिकवणार कोण आणि महारेराच्या प्रमाणपत्राचे काय, हे तीन प्रश्न स्वतः जाऊन विचारावेत. संध्याकाळी तो घरी आला की ‘आज किती सौदे झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणते कागद पाहिलेस?’ असे विचारावे. सुरुवातीला उत्तर देताना तो अडखळेल. पुढे एखाद्या दिवशी तोच उतारा आपल्यासमोर पसरून कुठली नोंद खटकते ते दाखवू लागेल, तेव्हा तो काय करतो हे पाहुण्यांना सांगताना आवाज उतरवण्याची गरज भासणार नाही.