डी-डायमर आणि वैद्याचा विवेक

२०२०-२१ च्या कोविडकाळात ‘डी-डायमर’ हा शब्द मेहकरसारख्या तालुक्याच्या गावीही सर्वांच्या कानी पडला. त्याचा अर्थ मात्र मनी ठसला नाही. रक्ताची गुठळी विरघळताना फायब्रिनचे जे अंश रक्तात उतरतात, त्यांचे हे मापन होय. गर्भावस्था, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, कर्करोग व वार्धक्य यांतही ते वाढते. म्हणून वाढलेला आकडा म्हणजे खोल शिरेतील गुठळीचे निदान नव्हे. लक्षणांवरून शक्यता कमी असताना आकडा सामान्य आला, तर गुठळीची शंका दूर करता येते. चाचणीचे खरे मोल एवढेच. लक्षणे प्रबळ असतील, तर सामान्य आकड्यावर विसंबू नये; डॉपलर तपासणी करावीच.

आपल्यापुढील खरा प्रश्न अभ्यंगाचा आहे. एकाच पायास अचानक आलेली सूज व पोटरीतील वेदना केवळ वातप्रकोप मानून मर्दन केल्यास गुठळी सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. औषधी विक्रेत्यांनीही अशा रुग्णास तेलाची बाटली देऊन परत पाठवू नये. तपासणीसाठी रुग्णास मेहकरबाहेर धाडावे लागले, तरी त्याने वैद्याचे वैद्यत्व उणावत नाही. ते तेथेच सिद्ध होते.