जीवाकडून काय उसने घेतले?

गोदामातली जुनी फळी उचलली की तिच्याखालून एखादे झुरळ निसटते आणि भिंत व फरशी यांच्यामधल्या फटीत दिसेनासे होते. आपल्या घरांतून अशा वेळी दोन सूचना हमखास ऐकू येतात. ‘फवारणी करून घ्या,’ ही एक. आणि ‘जपून रे, जीव आहे तो,’ ही आजीची दुसरी. पण तो जीव एवढ्याशा फटीत शिरला कसा, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत कौशिक जयराम आणि त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट फुल यांनी तो विचारला. जयराम यांचे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या पवईच्या आयआयटीत झालेले. त्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेली निरीक्षणे थक्क करणारी आहेत. झुरळ 3 मिलिमीटरच्या फटीतून एका सेकंदाच्या आत पार होते. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, जवळपास तेवढीच ही जाडी. त्याचे कवच अखंड नसते. कठीण पट्ट्या लवचीक पडद्यांनी सांधलेल्या असतात. त्यामुळे शरीर निम्म्याइतके चपटे होते, पाय बाजूंना पसरतात आणि पावले टेकायला जागा उरली नाही, तर ते नडग्यांच्या आधाराने स्वतःला पुढे ढकलते. स्वतःच्या वजनाच्या 900 पट भार अंगावर येऊनही त्याला इजा झाली नाही.

हीच रीत उचलून जयराम आणि फुल यांनी तळहाताएवढा एक रोबो बनवला. तोही दाबला की निम्म्याने चपटा होतो आणि पाय पसरून सरपटत राहतो. हेतू असा की, भूकंपाने इमारती कोसळल्यावर ढिगाऱ्यात जिवंत माणसे आहेत का, याचा शोध अशा यंत्राने घ्यावा. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या घरांखाली गावेच्या गावे कशी गाडली गेली, हे ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे, त्यांना या हेतूचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

मात्र हा रोबो स्वतःच्या वजनाच्या सुमारे 20 पट भारच सोसू शकतो. कुठे 900 आणि कुठे 20! या तफावतीचे एक मोठे कारण आकारात आहे. धान्याची पेटी लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही बाजूंनी दुप्पट केली, तर तिला गुंडाळायला चौपट कापड लागते. आत धान्य मात्र आठपट मावते. शरीराचेही तसेच असते. बळ हाडांच्या आणि स्नायूंच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून. वजन मात्र घनफळाच्या हिशेबाने वाढते. गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले होते. म्हणून मुंगी मोठी केली म्हणजे हत्ती होत नाही. उलट दिशेलाही अडचण आहेच. यंत्र फार लहान केले की नेहमीची विजेची मोटर घर्षणामुळे निरुपयोगी ठरते. हार्वर्ड विद्यापीठातील मधमाशीएवढ्या उडत्या यंत्राचे वजन अवघे 80 मिलिग्रॅम. त्याचे पंख मोटरवर नव्हे, तर वीज देताच वाकणाऱ्या सूक्ष्म पट्ट्यांवर सेकंदाला 120 वेळा हलतात.

या दोन्ही उदाहरणांत माणसाने जीवाची रीत घेतली. याच क्षेत्रातील सारेच प्रयोग मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत.

म्यानमारमध्ये मार्च 2025 मध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सिंगापूरने मदतपथकाबरोबर 10 जिवंत झुरळे पाठवली. त्यांच्या पाठीवर इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवले होते आणि विजेच्या सूक्ष्म संकेतांनी त्यांना हवे तिकडे वळवता येत होते. येथे जीवाची रीत नव्हे, त्याचे श्रम घेतले. बैलाच्या मानेवर जू ठेवावे तसे.

हार्वर्डमध्येच 2016 साली पाकट माशाच्या आकाराचे जेमतेम 16 मिलिमीटरचे एक यंत्र तयार झाले. त्याचा सांगाडा सोन्याचा, अंग लवचीक पॉलिमरचे आणि स्नायू म्हणून उंदराच्या हृदयातील सुमारे 2 लाख पेशी. निळा प्रकाश पडला की त्या आकुंचन पावतात आणि यंत्र पोहू लागते. येथे तर शरीरच घेतले गेले.

व्यापारी माणसाला उसनवारीतला फरक समजावून सांगावा लागत नाही. रीत घेतली, तर मूळ धन्याचे काही कमी होत नाही. श्रम घेतले, तर त्याच्या स्वातंत्र्यावर बोजा पडतो. शरीर घेतले, तर ते परत करता येत नाही. ‘निसर्गापासून प्रेरणा’ या एकाच नावाखाली हे तिन्ही व्यवहार चालतात. म्हणून प्रत्येकाची नोंद वेगळ्या खात्यात करायला हवी.

तरीही निवाडा सोपा नाही. रीत शिकण्यासाठीसुद्धा जिवंत झुरळांवर भार ठेवून पाहावा लागला होता. आणि ढिगाऱ्याखाली आपले माणूस अडकलेले असते, तर त्या 10 झुरळांना कामाला जुंपू नका, असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नसते, हे प्रांजळपणे कबूल करतो.

पण वाट बदलता येते, याचेही उदाहरण आहे. पाकट बनवणारे केविन किट पार्कर यांच्या गटाने 2022 मध्ये पुढचा कृत्रिम मासा घडवला, तो मानवी मूलपेशींपासून तयार केलेल्या हृदयपेशींचा. पोषक द्रवात तो 100 हून अधिक दिवस पोहत राहिला. सदोष हृदय घेऊन जन्मलेल्या बालकासाठी नवे हृदय बनवता यावे, हे त्यांचे अंतिम ध्येय आहे. उंदराच्या पेशींची जागा तेथे मानवी पेशींनी घेतली.

आपल्या घरांतील मुले-मुली आज अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान शिकत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी अशा प्रयोगशाळेत काम करेल. त्यांना अडवू नये. या विद्येतून जीव वाचणार आहेत. मात्र सुट्टीत घरी आल्यावर जेवताना त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : तुमच्या यंत्राने त्या जीवाकडून काय घेतले? रीत, श्रम की शरीर? आणि शरीर घेतले असेल, तर त्यावाचून भागले नसते का?

जपून रे, असे आजी म्हणते, तेव्हा तीही हेच विचारत असते.