खाते हलते, कर्ज हलत नाही

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१३ पासून बँक बदलणे सोपे झाले. नव्या बँकेत अर्ज करावा, की ७ कामकाजाच्या दिवसांत पगार, घरभाडे, वीजबिल सारे तिकडे वळते. सोय उत्तम, यात शंका नाही. परंतु तिची गरज ज्याला सर्वाधिक, त्याच्याच दारात ती अडखळते. महिनाअखेर ओव्हरड्राफ्टवर काढणाऱ्या पगारदाराची उचल खात्याबरोबर आपोआप जात नाही. तेवढी मर्यादा द्यावी की नाही, हे नवी बँक त्याची पत पाहून ठरविते; नकार आल्यास जुनी बाकी फेडणे त्याच्याच माथी. एप्रिल २०२० मध्ये ओव्हरड्राफ्टवरील ठरावीक शुल्के बंद होऊन एकच वार्षिक व्याजदर सांगण्याचे बंधन आले, आणि अनेक बड्या बँकांनी तो ४० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला! दर आता स्वच्छ दिसतो. तो पाहून निघून जाण्याची मोकळीक ऋणकोला कोठे आहे? स्पर्धा खरी करावयाची, तर ही उचलही हप्त्यांनी फेडण्याच्या बोलीवर नव्या बँकेकडे वर्ग करण्याची तरतूद हवी. नियमित पगार जमा होत असल्याची नोंद एवढा आधार त्यासाठी पुरेसा मानण्यास हरकत नसावी.