पुराची रोजकीर्द

अंबड तालुक्यातील शहागड गोदावरीच्या काठी वसले आहे आणि वरच्या अंगास पैठणचा नाथसागर आहे. भाद्रपदात धरण तुडुंब होऊन जायकवाडीच्या २७ दरवाजांपैकी काही उचलले गेले की काठावरील पेढ्यांवर दोनच प्रश्न उरतात. पाणी किती वाजता पोहोचेल, आणि कोणत्या पायरीपर्यंत चढेल? माल माळ्यावर न्यावयाचा की गावाबाहेर हलवावयाचा, हे त्यावर ठरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार लिटरचे सातशे टँकर दर सेकंदाला रिते व्हावेत, इतका तो ओघ!

या प्रश्नांचे गणित १८७१ मध्ये फ्रान्सच्या सेंट-व्हेनां या अभियंत्याने मांडले. त्याचे पहिले समीकरण व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. नदीचे तुकडे पाडावेत; प्रत्येक तुकड्यात वरून आलेले पाणी जमा, खाली गेलेले खर्च, आणि उरेल ती शिल्लक. शिल्लक वाढली की पातळी चढते. ही रोजकीर्द दिवसाची नव्हे, काही सेकंदांची, आणि शेकडो तुकड्यांची एकाच वेळी लिहावयाची. म्हणूनच संगणक हवा.

दुसरे समीकरण बळांचे आहे. उतार पाण्यास पुढे ओढतो, तळ व काठ त्यास अडवितात. हा अडथळा अजमावण्यासाठी मॅनिंगचा गुणांक वापरतात. स्वच्छ, सरळ पात्रास तो ०.०३ च्या आसपास, तर दाट झुडपांच्या काठास ०.१० पर्यंत धरतात. पात्रात बाभळी माजल्या की तेवढेच पाणी अधिक उंच चढते, ते यामुळे. मध्ये आपेगाव आणि हिरडपुरीचे बंधारे आहेत. त्यांची दारे उघडी की बंद, हेही हिशेबात धरावे लागते.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पुराची लाट पाण्याहून वेगाने धावते. रुंद पात्रात साधारण दीडपटीहून थोडी अधिक. समजा पाणी ताशी ५.४ किलोमीटर वाहत असेल, तर फुगवटा ताशी ९ किलोमीटरने पुढे सरकतो. पात्रात टाकलेल्या ओंडक्यावरून पुराची वेळ ताडणारा मनुष्य म्हणून उशिरा जागा होतो.

पुण्याजवळ खडकवासल्यास जलसंशोधनाचे केंद्र आहे; त्याची स्थापना १९१६ ची. तेथे नद्यांच्या लहान प्रतिकृती बांधून पाणी सोडीत. शंभरपट लहान प्रतिकृतीत दहा तासांचा पूर एका तासात उरकतो. आता तेथे गणिती प्रतिमानेही चालतात. परंतु खोट्या जमेवर खरी शिल्लक निघत नाही, तसेच जुन्या मोजणीच्या पात्रावर नव्या पुराचा अंदाज बसत नाही. वाळूउपशाने तळ बदलतो, भरावाने काठ बदलतो.

प्रतिमान ताडून पाहण्यास जुन्या पुरांच्या खुणा लागतात. दुकानाच्या किंवा मंदिराच्या भिंतीवरची ओलीची रेघ रंगाच्या हाताखाली जाण्यापूर्वी तिची जमिनीपासूनची उंची, तारीख व वेळ वहीत टिपलेली असली, तर अभियंता ती समुद्रसपाटीशी जोडून घेतो. पाणी चढतानाची वेळ मिळाल्यास त्यास अधिकच मोल असते. ती मात्र भिंतीवर कधीच उमटत नाही.