अत्याचार करणाऱ्याला २० वर्षं, लपवणाऱ्याला फार तर एक. वसतिगृहातल्या लेकरांना न्याय मिळणार कसा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथं एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आलं. तपासात १७ मुलींची नावं पुढं आली. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही गुन्हा दाखल झाला. प्रकार माहीत असूनही त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नागपूरचा निकाल फिरवला. लहान मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि असा खटला सुरुवातीलाच गुंडाळता येणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

निकाल महत्त्वाचा आहेच. पण गप्प बसणाऱ्यांसाठी कायद्यात शिक्षा किती, हे पाहिलं की खरी अडचण कळते.

कायदा काय म्हणतो?

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. शाळा, वसतिगृह, आश्रमशाळा किंवा बालगृहातल्या माणसानंच मुलावर बलात्कारासारखा गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षं शिक्षा आहे. जन्मठेप आणि फाशीचीही तरतूद आहे.

याच कायद्याचं कलम १९ सांगतं की, असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. मग तो शिपाई असो, स्वयंपाकीण असो, मुख्याध्यापक असो की डॉक्टर. पण न कळवल्यास शिक्षा आहे फक्त सहा महिन्यांपर्यंत. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला फार तर एक वर्ष.

त्यात आणखी एक मेख आहे. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. त्यामुळं बलात्काराची तक्रार वीस वर्षांनीही करता येते. पण एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची तक्रार एका वर्षात करावी लागते. गुन्हा उशिरा कळला, तर कळल्याच्या दिवसापासून वर्ष मोजतात. न्यायालय उशीर माफही करू शकतं, पण त्यासाठी कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे प्रकरण दाबणाऱ्याच्या बाजूनं वेळ धावतो.

लेकरू लगेच बोलत नाही

आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर असतात. पोरगं सुट्टीत घरी येतं. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्याच हातात जेवण, अंथरूण आणि शाळेचा दाखला असतो. अशा वेळी ते बोलणार कुणाजवळ?

ऑस्ट्रेलियानं संस्थांमधल्या बाल अत्याचारांच्या चौकशीसाठी राष्ट्रीय आयोग नेमला होता. २०१३ ते २०१७ या काळात आठ हजारांहून अधिक पीडितांनी आयोगापुढं आपबीती सांगितली. पहिल्यांदा तोंड उघडायला त्यांना सरासरी जवळपास २४ वर्षं लागली होती. आपल्याकडची पोरं लवकर बोलतील, असं मानायला काही आधार नाही.

त्याच देशातल्या व्हिक्टोरिया राज्यात धोका माहीत असून मुलांना न वाचवणाऱ्या संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या पीडितांसाठी २०१८ पासून राष्ट्रीय भरपाई योजना सुरू आहे आणि त्यात सहभागी संस्थांना स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागतात.

आपल्याकडं पीडितांना मनोधैर्य योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण ती सरकारी तिजोरीतून. संस्थेकडून भरपाई मागायची, तर दिवाणी दावा १८ वर्षं पूर्ण झाल्यावर फार तर तीन वर्षांत करावा लागतो. त्या वयात पोरगी वकील शोधणार, की पोटामागं धावणार?

बदल कुठं हवा?

पहिला, लपवणाऱ्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त करावी. मग मुदतीची अडचण आपोआप सुटते. दुसरा, पीडित मुलांसाठी दिवाणी दाव्याची मुदत काढावी आणि भरपाईत संस्थेचा वाटा सक्तीचा करावा. तिसरा, तपासणी बाहेरच्यांनी करावी. बिहारमधल्या मुजफ्फरपूर बालिकागृहातले अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले, ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकानं मुलींशी बोलून केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळं. पुढं २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं.

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन् तास थांबावं लागलं. लोक रेल्वे रुळावर उतरले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा यंत्रणा हलली. आडगावच्या आश्रमशाळेसाठी रूळ अडवायला कोण येणार? म्हणून कायदाच पक्का हवा.

आज हातात काय आहे?

संशय आला तर १०९८ किंवा ११२ वर फोन करता येतो. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. वकील आणि मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो, वकिलाची फी लागत नाही. पीडित मुलाचं नाव, फोटो, गाव किंवा शाळा व्हॉट्सॲपवर टाकणं मात्र गुन्हा आहे.

दर महिन्याला वसतिगृहात जाऊन पोराशी एकट्यात बोलणं आणि ग्रामसभेत आश्रमशाळेच्या तपासणीचा अहवाल मागणं, एवढं तर कायदा बदलण्याआधीही करता येतं.